सोडून दिलेला दिवा

लग्नसमारंभातील एखाद्या नव्या प्रकारावर लिहावयास बसले की दोन आरोप आधीच दारात येऊन उभे राहतात. पहिला असा की, लेखकाचे वय झाले. दुसरा असा की, लोकांच्या आनंदात विरजण घालण्यापलीकडे प्राध्यापक मंडळींस उद्योग नसतो. पहिला आरोप खरा आहे आणि त्यावर उपाय नाही. दुसऱ्याला मात्र उत्तर देता येईल, आणि ज्या प्रकाराविषयी येथे लिहावयाचे आहे तो इतका देखणा आहे की त्याच्यावर टीका करणाराने ते उत्तर दिलेच पाहिजे.

पालघर, केळवे, बोईसर, तारापूर, चिंचणी ह्या पट्ट्यात अलीकडे लग्ने घरापुढच्या मांडवातून उठून किनाऱ्यालगतच्या वाड्यांत आणि हिरवळीच्या मोकळ्या आवारांत गेली आहेत. अशा आवारात स्वागतसमारंभ रंगात आला म्हणजे वधूवरांच्या हाती एक कागदी पिशवी देतात. तिचे तोंड खाली असते. तोंडाला वेळूच्या कामटीचे किंवा तारेचे कडे असते. कड्याच्या मध्यावर मेणात भिजवलेला बोळा असतो. बोळा पेटवला की आतली हवा तापते, पिशवी फुगते, आणि मिनिटाभरात ती हातांतून सुटण्याची घाई करू लागते. मग कोणीतरी ध्वनिक्षेपकावरून सांगतो की, मनात इच्छा धरा आणि सोडा. दिवा वर जातो. त्यामागून दुसरा, दहावा, विसावा. पाचदहा मिनिटे बोळा जळतो, तोवर वारा नेईल तिकडे दिवा जातो. बोळा विझला की हवा निवते आणि कागद, कडे व जळका बोळा ही त्रयी कोठेतरी खाली येते. वाऱ्याच्या झोताने पिशवी कलली तर कागदच पेट घेतो आणि जे खाली येते ते विझलेले नसते.

हे दृश्य सुंदर आहे ह्यात शंका नाही. अंधाऱ्या आभाळात एक तांबूस ठिपका आवाज न करता चढत जातो ह्यातील मोहिनी नाकारणारा मनुष्य अरसिकच म्हटला पाहिजे. शिवाय हल्लीच्या समारंभांत जी एक गोष्ट दुर्मिळ झाली आहे, ती हा दिवा घडवून आणतो: दोनतीनशे माणसे एकदम गप्प होऊन एकाच दिशेस पाहतात. आमचा आक्षेप ह्या सौंदर्यावर नाही. ते सौंदर्य अपुरे आहे ह्यावर आहे. नाटकाचा पहिला अंक पाहून प्रेक्षक टाळ्या वाजवीत घरी गेले आणि उरलेले अंक भलत्याच गावी, न बोलावलेल्या लोकांपुढे झाले, तर त्या नाटकाचे परीक्षण पहिल्या अंकावरून करता येईल काय? अशाच एका समारंभात आम्ही पाहिले की तिसरा दिवा बारीक होईतो निम्मे लोक जेवणाच्या रांगेकडे वळले होते. एका लहान मुलीने वडिलांस विचारले, "हा कुठे जातो?" वडील म्हणाले, "ढगांत." त्या रात्री त्या दिव्याविषयी विचारला गेलेला एकमेव समंजस प्रश्न त्या मुलीचा होता, आणि तो उत्तराविना राहिला.

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. ह्या वस्तूस कित्येक लोक 'आकाशकंदील' म्हणतात. आमचा आकाशकंदील हा नव्हे. कार्तिकमासात उंच जागी आकाशदीप लावावा असे धर्मशास्त्रग्रंथांत सांगितले आहे. तो देवांसाठी आणि पितरांसाठी. त्याचाच घरगुती वंशज म्हणजे दिवाळीत वेळूच्या काठीवर चढवलेला कंदील. नाव आकाशाचे, पण दोरी अंगणातल्या खुंटीस बांधलेली! तेल संपले की तो खाली उतरवावा, वात सारखी करावी, पुन्हा चढवावा. वारा सुटला की घरातल्या कोणीतरी उठून त्याकडे पाहावे. आता त्यात विजेचा दिवा आला, तरी दोरी राहिली आहे. आमच्या उत्तरेच्या शेजाऱ्यांचे उदाहरणही ह्याच जातीचे आहे. गुजरातेत उत्तरायणाच्या रात्री पतंगाच्या दोरीला कागदी दिवा बांधून चढवतात, त्यास तुक्कल म्हणतात. डहाणू-बोईसरकडील गुजराती घरांस हा शब्द सांगावयास नको. तुक्कल आकाशात कितीही उंच जावो, तिचा धनी गच्चीवर हातात दोरी धरून उभा असतो. पुढे त्याच सणात सुटे दिवे सोडण्याची टूम निघाली, त्यांस 'चिनी तुक्कल' असे नाव पडले, आणि गुजरातेतील अधिकाऱ्यांस त्यांवर बंदीचे हुकूम काढावे लागले. दोरी तुटली तेव्हा हुकूम आला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. प्रस्तुत वस्तूस आम्ही ह्या लेखात 'उडता कंदील' म्हणू.

उडता कंदील मूळचा चीनकडील. तिसऱ्या शतकातील चुगे ल्यांग ह्या मुत्सद्दी सेनानीच्या नावावर त्याचा शोध परंपरेने घातला जातो. आख्यायिकेत तो शत्रूच्या वेढ्यातून बाहेरच्यांस खूण पोचवण्याचे साधन म्हणून येतो. तैवान बेटावरील पिंगशी ह्या डोंगरी गावाची कथाही अशीच सांगतात: दरोडेखोरांच्या भीतीने रानात पळालेल्या कुटुंबांस, आता गाव निर्भय आहे, परत या, असे कळवण्यासाठी मागे राहिलेले लोक कंदील सोडीत. उत्तर थायलंडात, च्यांगमाईकडे, कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास हेच दिवे पूजेचा भाग म्हणून सोडतात. ह्या तिन्ही ठिकाणी एक समान गोष्ट दिसते. दिवा कोणासाठी तरी आहे. वेढ्याबाहेरच्या सैन्यासाठी, रानातल्या बायकामुलांसाठी, नाही तर देवासाठी. तो एक मजकूर आहे आणि त्यास वाचक आहे. आमच्याकडे आला तो ह्या मजकुरावाचून आला. चित्रपटांतून आला, विशेषेकरून २०१० सालच्या 'टँगल्ड' ह्या अमेरिकन चित्रपटातील दिव्यांच्या देखाव्यापासून त्याची आवड जगभर पसरली. पण खूण सोडली म्हणजे ती कोणी ना कोणी वाचतोच, लिहिणाऱ्याच्या मनात वाचक असो वा नसो. ह्याचा अर्थ सातपाटीच्या किनाऱ्यावर काय होतो ते पुढे येईलच.

तापलेल्या हवेने वर जाणारी पिशवी युरोपात १७८३ साली माँगोल्फिए बंधूंनी उडवली. हे बंधू कागद तयार करणाऱ्या घराण्यातील होते हा योगायोग मौजेचा आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शार्ल नामक शास्त्रज्ञाने हायड्रोजन वायूचा फुगा पॅरिसहून सोडला. पॅरिसकरांनी तो डोळ्यांत पाणी आणून पाहिला. काही कोसांवरच्या गोनेस खेड्यात तो पडला, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनी तो राक्षस समजून दाताळ्यांनी फाडला. वर जाणारी वस्तू आणि खाली येणारी वस्तू ह्या एकच असूनही पाहणाऱ्यांस किती निराळ्या भासतात ह्याचे इतके बोलके उदाहरण आमच्या वाचनात दुसरे नाही. पुढच्या वर्षी, एप्रिल १७८४ मध्ये, पॅरिसच्या पोलिसांनी हुकूम काढला: खाली स्पिरिटचा दिवा, शेगडी किंवा दारूकाम बांधलेले फुगे करू नयेत व सोडू नयेत, इतर फुग्यांस आधी परवानगी घ्यावी. उड्डाणाविषयीच्या अगदी आरंभीच्या कायद्यांपैकी हा एक, आणि तो नेमका ह्या खेळण्याविषयी. १७८५ च्या मे महिन्यात आयर्लंडातील टलमोर गावी असा एक फुगा कोसळून शंभराच्या आसपास घरे जळाली. तेव्हा उडत्या कंदिलास 'नवी कल्पना' म्हणून जे मिरवतात त्यांस एवढेच सांगणे आहे की, तिच्यावरची बंदीदेखील दोनशे वर्षांहून जुनी आहे.

आता आमच्या पट्ट्याकडे वळू. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्याची राने, मध्ये पश्चिम रेल्वेचा लोहमार्ग. ह्या चिंचोळ्या भूमीत एक वस्तू ठेवली आहे आणि तिला खेटून दुसरी. केळवे-माहीमकडे केळी, सुपारी व पानवेलींच्या वाड्या, डहाणूकडे चिकूच्या बागा, आत पाड्यापाड्यांवर भाताची खळी आणि खळ्याशेजारी पेंढ्याच्या उडव्या, रानोमाळ गवत. ह्या गवताची थोरवी शहरच्या वाचकास कळावयाची नाही. मुंबईच्या म्हशींच्या तबेल्यांस ठाणे जिल्ह्याच्या ह्या भागाने पिढ्यान् पिढ्या गवत पुरवले; गवतकापणीच्या मजुरीसाठी १९४५ साली वारली मजुरांनी संप केला आणि त्यांस गोळीबार सोसावा लागला. दिवाळीनंतर कापलेले गवत गंजी घालून ठेवतात आणि उन्हाळाभर ते वाळत राहते. लग्नसराईही तुळशीच्या लग्नानंतर सुरू होऊन उन्हाळ्यातच ऐन भरात येते. म्हणजे जेव्हा गवत सर्वांत कोरडे, तेव्हाच दिवे सर्वांत अधिक.

वाऱ्याचा विचार करा. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतो तो खारा वारा. रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातो तो मतलई. हे आम्ही शाळेत पाठ केले आणि विसरलो. कोळी विसरत नाही. चैत्र-वैशाखात खारा वारा दिवस मावळल्यावरही बराच वेळ टिकतो. त्या वेळी किनाऱ्यावरून सोडलेला कंदील वाड्यांवरून, गंज्यांवरून, रेल्वेच्या पंचवीस हजार व्होल्टच्या तारांवरून पूर्वेस जाणार. बोईसरच्या पश्चिमेस तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. रसायने, औषधे, रंग, कापड ह्यांचे कारखाने, त्यांची पिंपे, आणि आसपास भंगाराची व प्लास्टिकची गोदामे. ह्या वसाहतीत २०१८ च्या मार्चमध्ये आणि २०२० च्या जानेवारीत झालेले स्फोट येथील लोक विसरलेले नाहीत. ते कंदिलांनी झाले नव्हते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु जेथे माणसे आतल्या आगीच्या धास्तीने आधीच अर्धी जागी झोपतात, तेथे वरून आणखी एक ठिणगी पाठवण्याचा अधिकार वरपित्यास कोणी दिला? १९६९ साली सुरू झालेल्या अणुविद्युत्केंद्राचे नाव घेऊन मात्र आम्ही कोणास भिवविणार नाही; कागदी दिव्याने त्या भिंतींचे काही वाकडे होणार नाही. धोका मोठ्या भिंतींना नाही, उडवीला आहे. गवती छपराला आहे. उघड्यावर रचून ठेवलेल्या मालाला आहे.

आणि मध्यरात्रीच्या सुमारास वारा फिरला तर? मग दिवे समुद्रावर जातात. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी येथल्या होड्या पावसाळ्यातील बंदीचे दिवस सोडले तर रात्री पाण्यावर असतात. संकटात सापडलेली नौका तांबडा जाळ उडवून मदत मागते. दर्यावर्दी माणसाच्या लेखी रात्रीच्या आभाळातील तांबूस, संथ हलणाऱ्या ठिपक्याचा अर्थ हाच. इंग्लंडच्या किनाऱ्यावर उडत्या कंदिलांस संकटाची खूण समजून बचावनौका निघाल्याचे प्रसंग वारंवार घडले आणि तेथील तटरक्षकांना त्याविषयी लोकांस ताकीद द्यावी लागली. त्याहून वाईट शक्यता उलट दिशेची आहे. दर शनिवारी आभाळात तांबडे ठिपके पाहण्याची सवय झालेला कोळी खरा जाळ दिसला तरी, "कुणाचं तरी लग्न असेल," म्हणून जाळे ओढीत राहील. पिंगशीच्या कथेत ज्या दिव्याने 'परत या' असे सांगितले, तोच दिवा येथे बुडत्याची हाक दाबून टाकतो. एखाद्या खुणेचा इतका विपर्यास साहित्यात झाला असता तर आम्ही टीकाकारांनी पानेच्या पाने भरली असती.

हा केवळ तर्क आहे असे कोणी म्हणू नये, म्हणून दोन परदेशी उदाहरणे. इंग्लंडातील स्मेदिक येथे २०१३ च्या जूनअखेरच्या रात्री एक कंदील प्लास्टिकच्या भंगारसाठ्यावर उतरला. तो उतरताना तेथल्या कॅमेऱ्यात टिपला गेला. सुमारे एक लाख टन माल पेटला आणि दोनशेच्या घरात बंबवाले कामास लागले. दुसरे उदाहरण जर्मनीतील क्रेफेल्डचे. २०१९ साल संपण्याच्या रात्री तेथील प्राणिसंग्रहालयातील वानरगृह उडत्या कंदिलाने जळाले आणि ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी धरून तिसाहून अधिक प्राणी प्राणास मुकले. आसपास इतर कंदील मिळाले, त्यांवर हाताने मजकूर लिहिलेला होता. दुसऱ्या दिवशी एक आई व तिच्या दोन मुली आपण होऊन पोलिसांकडे गेल्या. त्या प्रांतात हे कंदील २००९ पासून बंद आहेत हे त्यांस ठाऊक नव्हते. ह्या तिघींविषयी आमच्या मनात राग येत नाही. त्यांनी शुभ इच्छेनेच दिवे सोडले, आणि सुटल्यावर ते त्यांचे राहिले नाहीत. ह्याहून अधिक नेमके वर्णन ह्या खेळाचे करता येणार नाही. आमच्या शेजारी मुंबईत पोलिसांनी एकाहून अधिक वेळा, २०२२ च्या दिवाळीतही, ह्या कंदिलांची विक्री, साठवण व वापर ह्यांस मनाई केलेली आहे. कायद्याचा मुद्दा येथेच सोडतो; चांगली अभिरुची पोलिसपाटलाच्या दंडुक्याने येत नसते.

विकणारे म्हणतात की कागद व वेळू मातीत कुजतात, सबब वस्तू निरुपद्रवी आहे. कुजण्यास महिने लागतात, पेटण्यास क्षण पुरतो. आणि तारेचे कडे असेल तर ते गवतातून म्हशीच्या पोटात जाते. दुसरे लोक विचारतात, फटाके चालतात तर हे का नको? फटाक्यांची वकिली आम्ही करीत नाही. पण फटाका उडवणारास निदान वात पेटवून स्वतः पळावे लागते. धोक्याचा पहिला वाटेकरी तोच असतो. बाण हा अपवाद, आणि उडत्या कंदिलाचा खरा सोयरा तोच.

राहता राहिला जुनाटपणाचा आरोप. ह्याच जिल्ह्यातील एक गोष्ट त्यास पुरेशी आहे. वारल्यांच्या लग्नात सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते, धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. हे चित्र भिंतीपुरते आणि लग्नापुरते होते. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे ह्यांनी ती कला कागदावर आणली. एका पुरुषाने, लग्नावाचून, रोज! रूढी मोडली, चित्र देशोदेशी गेले, २०११ साली मशे ह्यांस पद्मश्री मिळाली. ह्याविरुद्ध आम्ही कधी एक अक्षर लिहिले नाही. रूढी बदलण्याचे आम्हांस वावडे नाही. बदलात काय मिळाले आणि त्याची किंमत कोणी दिली, एवढे मात्र विचारतो.

उडत्या कंदिलाने काय मिळवून दिले हे पाहावयाचे तर लग्नातील आमच्या स्वतःच्या दिव्यांकडे पाहावे. बोहल्यावर वधूच्या मागे करवली करा व दिवा घेऊन उभी असते. तिचा हात अवघडतो, ती हात बदलते, पण दिवा खाली ठेवीत नाही. त्याहून जवळचे उदाहरण ऐरणीदानाचे. पुष्कळ घरी त्यास झाल म्हणतात. वेळूच्या पाटीत कणकेचे दिवे लावून ती पाटी वराच्या आईबापांच्या आणि आप्तांच्या मस्तकावर एकामागून एक टेकवतात, आणि आपली मुलगी त्यांच्या पदरी घालतात. संस्कृतात 'वंश' म्हणजे वेळू आणि वंश म्हणजे कूळ. पाटीत दोन्ही अर्थ एकत्र येतात. आता साहित्य तपासा: वेळू, ज्योत, आणि ती डोक्यावर. उडत्या कंदिलातही हेच तिन्ही आहे. फरक इतकाच की ऐरणीत मस्तकावरच्या जाळाला चार हात धरून असतात. वराच्या आईस मान हलवता येत नाही. पदर सांभाळावा लागतो. तेल ओघळेल म्हणून वधूची मावशी खालून ताटली धरते. त्या क्षणी नव्या नात्याचे वजन तिला अक्षरशः डोक्यावर जाणवते. आणि बहुतेक लग्नांत वधूची आई रडते ती मंगलाष्टकांत नव्हे, येथे.

असे असता, ज्या कुटुंबाने सकाळी झालीचे दिवे इतक्या जपणुकीने एकमेकांच्या डोक्यावर ठेवले, तेच कुटुंब रात्री नऊ वाजता वीस पेटते दिवे कोणाच्या डोक्यावर जाणार हे न पाहता सोडून देते. आणि ह्या दोहोंत काही विसंगती आहे असे कोणाच्या मनात येत नाही. आमच्या माहितीतील एका वधूपित्यास आली. मंडपवाल्याने केलेल्या यादीत, फुलांच्या कमानीखाली आणि वाजंत्र्यांच्या वर, कंदिलांची ओळ होती. त्यांनी ती खोडली आणि त्या जागी मांडवाच्या चारही खांबांवर दोरीने चढवलेले मोठे कागदी आकाशकंदील लिहिले. मुलीने थोडी कुरकुर केली. स्वागतसमारंभ संपून पाहुणे पांगल्यावर, मांडव सोडणारी माणसे येईपर्यंत, ते चारही कंदील पेटलेले होते. कोणा मुलांनी त्यांच्या दोऱ्या सोडून ते खालीवर करण्याचा खेळ मांडला होता आणि त्यांस कोणी रागावले नाही.